तोफेच्या कानातली मेख: जुन्या हत्यारांवरचा गंज काढायचा की ठेवायचा?

दसरा जवळ आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतो. "घरात पणजोबांच्या वेळची तलवार आहे, पार गंजलीय. काय लावलं की निघेल?" गडावर श्रमदानाला जाणारी मुलं तोच प्रश्न तोफेबद्दल विचारतात. मी जुन्या लोखंडावरच्या गंजाच्या थरांवर पीएचडी करतोय, त्यामुळे उत्तर माझ्या खिशात असणार असा सगळ्यांचा समज असतो.

उत्तर आहे, पण एका ओळीचं नाही. कारण "गंज काढणे" या दोन शब्दांमागे आपल्या भागात तीन वेगवेगळ्या परंपरा आहेत: शिकलगाराची, देवघराची आणि संग्रहालयाच्या प्रयोगशाळेची. तिघांना हत्यारातून काहीतरी वेगळं हवं होतं, म्हणून तिघांची पद्धत वेगळी. आज आपण यातली एकीची पद्धत उचलतो आणि दुसरीचा हेतू साधायला बघतो, आणि तिथेच वस्तूचं नुकसान होतं. या लेखात तो इतिहास सांगतो आणि जोडीला जुन्या हत्यारात अडकून बसलेल्या मेखा, मुठी आणि स्क्रूंची गोष्टही. गंज आणि अडकलेला खिळा हे वरवर दोन प्रश्न दिसतात, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो एकच आहे.

आधी लोहचुंबक

मी खुलताबादचा. मलिक अंबर (मृत्यू १६२६), औरंगजेब (१७०७) आणि पहिला निजाम असफजाह (१७४८) या तिघांच्याही कबरी आमच्या गावात आहेत. ज्यांच्या फौजा दख्खनभर फिरल्या ती माणसं इथे शांत झोपलीत, आणि त्या काळातलं लोखंड बघायचं तर दहा-बारा किलोमीटरवर दौलताबादला जायचं.

तिथली सगळ्यात प्रसिद्ध मेंढा तोफ मात्र लोखंडाची नाहीच. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं असलेली, "किला शिकन" म्हणजे किल्ला फोडणारी असं नाव कोरलेली ही तोफ कांस्याची आहे. तांबं आणि कथील यांचा हा मिश्रधातू. हवेत त्यावर हिरवट-तपकिरी थर चढतो, पण लाल गंज कधीच येत नाही. विजापूरची मलिक-ए-मैदान तशीच. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि तिचं वजन सुमारे ५५ टन सांगतात. न गंजणारी तोफ दिसली की आपल्याकडे लगेच "पंचधातूची" म्हणतात. वस्तूला काहीही इजा न करता होणारी पहिली चाचणी म्हणजे छोटं लोहचुंबक. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर तांब्याच्या कुळातलं. पुढचं सगळं यावर ठरतं.

लोखंडी तोफांचे दोन प्रकार. एक ओतीव, बीडाची. दुसरी घडीव, आणि ती आपल्या कारागिरांची खासियत. घडीव तोफ कशी बनते हे ज्याने बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलंय त्याला लगेच कळेल. लोहार लोखंडी धाव लालबुंद तापवतो. तापल्यावर ती फुगते, मग चाकावर बसवून वर पाणी ओततो, आणि थंड होताना आवळून ती चाकाला घट्ट धरते. तोफेत आधी लांब पट्ट्या गोलाकार मांडून नळी करायची आणि तिच्यावर अशी कडी एकापुढे एक चढवायची. ना स्क्रू, ना रिव्हेट. कानपूर आयआयटीचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी अशा घडीव तोफांचा देशभर फिरून अभ्यास केला आणि २००८ मध्ये त्यांचं भारतीय तोफांवरचं पुस्तक आलं. दिल्लीच्या लोहस्तंभावरचं त्यांचं काम त्याहून प्रसिद्ध आहे. आपल्या जुन्या भट्ट्यांत कोळशावर लोखंड काढताना चुनखडी घालत नसत, त्यामुळे फॉस्फरस धातूतच राहायचा. तो पुढे गंजाच्या आतल्या थरात जाऊन त्या थराला घट्ट बनवतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे लोहस्तंभ गंजत नाही असं नाही. त्याच्यावर गंजाचाच एक अगदी पातळ, दाट थर आहे आणि तोच त्याला राखतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. गंज काढायच्या प्रश्नाला इथेच पहिलं वळण लागतं.

गंजाचे चार भाऊ

आपण ज्याला सरसकट गंज म्हणतो त्यात निदान चार वेगळे पदार्थ असतात. नारिंगी, भुसभुशीत तो लेपिडोक्रोसाइट. पिवळसर तपकिरी आणि टणक तो गोथाइट. काळा, धातूला बिलगून असलेला तो मॅग्नेटाइट. चौथा अकागानेइट. तो तयार व्हायला क्लोराइड लागतं, म्हणजे मीठ. त्याच्या स्फटिकात बारीक बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत क्लोराइड दडून बसतं.

माझं रोजचं काम म्हणजे हे चौघे ओळखणं. टाचणीच्या डोक्याएवढा कपचा पुरतो. त्यावर लेझर टाकून परत येणारा प्रकाश मोजायचा, याला रामन वर्णपटमापन म्हणतात. प्रत्येक पदार्थाची सही वेगळी उमटते. जुन्या लोखंडाच्या कपच्यात साधारण दिसतं ते असं: आत दाट काळा-तपकिरी थर, बाहेर सैल नारिंगी थर. आणि हत्याराचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे कारागिराच्या हातोडीची किंवा कानशीची खूण, बऱ्याचदा उरलेल्या धातूवर नसतेच. ती त्या दाट गंजाच्या आत शिल्लक असते. धातू गंजात रूपांतरित झाला, पण खूण तिथल्या तिथे राहिली. तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने "स्वच्छ" चकचकीत धातूपर्यंत गेलात की ती खूण भुकटी होऊन खाली पडते.

आता आकडा बघा. एक घन सेंटिमीटर लोखंडाचं गोथाइट झालं की ते जवळपास तीन घन सेंटिमीटर जागा मागतं. घराच्या स्लॅबमधली सळई गंजली की सिमेंटचे पोपडे पडतात ते याचमुळे. सळई फुगते आणि काँक्रीट फुटतं. तोफेच्या भोकात ठोकलेला खिळा गंजला तर तो कुठे फुगणार? भोक तर लोखंडाचं, ते हटत नाही. मग गंज स्वतःच दाबला जाऊन पाचरीसारखा बसतो. अडकलेला खिळा, न फिरणारा स्क्रू आणि न हलणारी मूठ यांच्यामागे हेच तिपटीचं गणित असतं.

असईची तोफ आणि कानातली मेख

तोफेला बत्ती द्यायचं जे बारीक भोक असतं त्याला कान म्हणतात. "तोफांच्या कानात खिळे मारले" हा शब्दप्रयोग इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचला असेल. हे का करत, हे समजायला आपल्याच शेजारचं उदाहरण आहे.

जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे केळणा आणि जुई नद्यांच्या दुबेळक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज भिडली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्या रांगांवर पाठीमागून मारा सुरू केला. त्या पुन्हा ताब्यात घ्यायला वेलस्लीला फौज मागे वळवावी लागली. शेवटी शंभरच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

ताब्यात आलेल्या तोफेच्या कानात एक मेख ठोकली असती तर हे झालं नसतं. ठोकायला काही सेकंद लागतात, आणि ती काढून तोफ पुन्हा चालू करायला पूर्ण हत्यारशाळा लागते. माघार घेणारी फौजही न्यायला जमणार नाहीत अशा स्वतःच्याच तोफांना मेखा मारून जायची. गड शत्रूच्या हाती पडताना हेच व्हायचं. मराठीत "यात एक मेख आहे" असं आपण अजून म्हणतो ते उगीच नाही.

म्हणून एखाद्या गडावरच्या तोफेचा कान बुजलेला दिसला तर तो कचरा समजू नका. तो साधा लोहारी खिळा आहे की टोक मोडलेलं पोलाद? शेजारी दुसरं भोक पाडलंय का? पाडलं असेल तर मेख मारल्यावर तोफ पुन्हा वापरात आली होती. मेख आतून बाहेर ढकललेली दिसते का? त्या तोफेच्या लढाऊ आयुष्यातला शेवटचा दिवस तिथे लिहून ठेवलाय. ड्रिल घालून कान मोकळा केला की तोफ "पूर्ण" दिसते, पण तो दिवस पुसला जातो.

दुसरं कारण जिवाचं आहे. तोफ भरलेली असताना मेख मारली गेली असेल तर दारू अजून आत असू शकते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शतकांनंतरही पेट घेते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक अठराव्या शतकातली तोफ कित्येक वर्षं मांडून ठेवली होती. १७८० मध्ये बुडालेल्या हुसार नावाच्या जहाजावरची ती तोफ. जानेवारी २०१३ मध्ये कामगार तिच्यावरचा गंज काढत होते तेव्हा आत गोळा, बोळा आणि ८०० ग्रॅमच्या आसपास दारू सापडली. पोलिसांचं बॉम्ब पथक बोलवावं लागलं. तेव्हा ठासणीच्या कुठल्याही हत्याराला, तोफ असो की बंदूक, आत काय आहे ते कळेपर्यंत गॅसची ज्योत, ग्राइंडरच्या ठिणग्या आणि ड्रिल अजिबात नको. नळीत एक सरळ काठी घालून आतली लांबी मोजायची, मग तेवढंच माप बाहेरून कानापर्यंत मोजायचं. फरक आला तर तिथेच थांबायचं आणि पोलिसांना कळवायचं.

शिकलगार: धार आणि जौहर

गंज काढणं हा ज्यांचा पिढीजात धंदा होता ते शिकलगार. अरबीतल्या "सैकल" म्हणजे घासून चमकवणे, उजाळा देणे या शब्दावरून मराठीत "शिकल करणे" आलं. कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेलं चाक, चामड्याची पट्टी, तेल ही त्यांची हत्यारं. फौजेत तलवार मोहिमेला निघण्याआधी आणि मोहिमेहून आल्यावर त्यांच्याकडे जायची.

शिकलगाराच्या दृष्टीने गंज हा शत्रूच होता, आणि ते अगदी बरोबर होतं. त्याला उद्या चालणारं पातं हवं होतं. प्रत्येक शिकलीत थोडा धातू जायचा. जुनी पाती मधूनच अरुंद झालेली दिसतात ती त्यामुळे. पातं झिजलं की नवं बसवायचं, मूठ तीच ठेवायची, किंवा उलट. म्हणून युरोपातून आलेलं पातं आणि मराठी मूठ असलेली फिरंग आपल्याकडे सर्रास दिसते.

शिकलगाराला आणखी एक गोष्ट यायची जी आज फार थोड्यांना येते. दख्खनी पोलादाच्या चांगल्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. हे पोलाद आजच्या तेलंगणात, निर्मळ आणि कोनासमुद्रम भागात मुशीत बनायचं, आणि इराणी व्यापारी ते घ्यायला तिथपर्यंत येत. नक्षी दिसते ती पोलादातल्या कार्बाइडच्या ओळींमुळे. शिकलगार आधी पातं गुळगुळीत करायचा आणि मग हिराकशीच्या द्रावणाने हलकेच खाऊन नक्षी उठवायचा. आज कोणी त्याच पात्यावर पॉलिश पेपर आणि बफिंग व्हील चालवलं की आरशासारखी तलवार मिळते आणि जौहर गायब होतो. असं पातं आपल्याकडे होतं हे त्या घराला कधी कळतही नाही.

१८५७ नंतर ब्रिटिश मुलखात लोकांची हत्यारं काढून घेतली गेली आणि १८७८ च्या हत्यार कायद्याने उरलीसुरली परवान्यात अडकली. शिकलगारांचा मूळ धंदा आटला. चाक तेच राहिलं, पण त्याच्यावर आता सुऱ्या, कात्र्या, विळे आले.

देवघर: चिंच, लिंबू आणि कुंकू

तलवार लढाईतून गेली पण घरातून गेली नाही. ती देवघरात गेली. खंडेनवमीला ती खाली काढायची, चिंच किंवा लिंबू लावून, राख नाहीतर विटकरीच्या पुडीने घासायची, धुवायची, आणि दसऱ्याला हळद-कुंकू, फुलं वाहून पूजा करायची. हा दुसरा इतिहास. इथे गंज काढणं हा सेवेचा भाग आहे.

यातलं रसायनशास्त्र आपल्या आज्यांना अनुभवाने ठाऊक होतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि चिंचेतलं टार्टारिक आम्ल गंज विरघळवतात आणि सुटलेल्या लोहाला धरून ठेवतात. म्हणून ते खरंच काम करतं. पण आम्लाला गंज कुठे संपला आणि लोखंड कुठे सुरू झालं हे कळत नाही. दरवर्षी थोडं थोडं म्हणत पन्नास दसऱ्यांत मुठीवरची सोन्या-चांदीची तार सुटते, कोरलेली अक्षरं बुजतात. पितळेच्या सवयीने कोणी लिंबाबरोबर मीठ लावलं, तर तो अकागानेइटला दिलेला निरोपच. बाथरूमच्या ऍसिडचंही तेच, कारण ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. गंज पाच मिनिटांत जातो, क्लोराइड भेगांमध्ये राहतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पातं पहिल्यापेक्षा जास्त गंजतं.

ओलं कुंकू पात्यावर वाळेपर्यंत पाणी धरून ठेवतं. त्या ठिपक्याखाली हवा कमी आणि कडेला जास्त. अशा ठिकाणी लोखंड खोलवर, खड्डा पाडत गंजतं. जुन्या पात्यांवर ओळीने गोल खड्डे दिसले तर ते शत्रूच्या वाराचे असतीलच असं नाही, पूजेचेही असू शकतात. पूजा बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही, ती त्या घराची आणि त्या तलवारीचीही आजची गोष्ट आहे. पण पातं मेण लावून पाटावर ठेवलं आणि हळद-कुंकू, पाणी, फुलं समोर विड्याच्या पानावर वाहिली, तर पूजाही होते आणि पातंही राहतं.

प्रयोगशाळा: चकचकीतपासून स्थिरतेकडे

तिसरी परंपरा सर्वांत तरुण. १८८८ मध्ये बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी फ्रीडरिश राथगेन या रसायनशास्त्रज्ञाला नेमून संग्रहालयाची पहिली प्रयोगशाळा उभी केली. कारण सोपं होतं. उत्खननातून आणलेल्या वस्तू कपाटात ठेवल्या-ठेवल्या फुटत होत्या. आपल्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ मध्ये पुरातत्त्व रसायनशास्त्रज्ञाचं पद निर्माण केलं. मोहम्मद सनाउल्लाह हे पहिले. ही शाखा पुढे देहरादूनला गेली आणि आजही तिचं मुख्यालय तिथेच आहे.

सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेलाही चकचकीत धातूच हवा होता. सोड्याच्या पाण्यात वस्तू बुडवून वीज सोडायची, गंज पोपड्यासारखा निघून येतो. आज यूट्यूबवर बॅटरी चार्जर लावून करतात ती हीच एकोणिसाव्या शतकातली पद्धत. पण लक्षात यायला लागलं की अशी "बरी" झालेली वस्तू काही वर्षांनी पुन्हा फुटते, आणि जी खूण अभ्यासायची ती आधीच वाहून गेलेली असते. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज जहाजावरच्या लोखंडी गोळ्यांवर वेगवेगळे उपचार झाले, आणि कित्येक वर्षांनी सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखाली तपासल्यावर त्यांच्या आत अकागानेइट आणि क्लोराइड सापडलं. वरून नीट, आत दुखणं चालूच.

त्यामुळे आजचं ध्येय वेगळं आहे. सैल नारिंगी थर काढायचा, दाट थर ठेवायचा, क्लोराइड अल्कली द्रावणात हळूहळू बाहेर ओढायचं, मग वस्तू कोरडी ठेवायची. क्लोराइड असेल तर हवेत २० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली तरी गंज चालू राहू शकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर सहज जाते. म्हैसमाळचं धुकं खाली उतरलं की आमच्या घरातली मिठाची बरणीसुद्धा ओली होते. तिथे लोखंडाची काय कथा.

तोफेसारख्या उघड्यावरच्या लोखंडाला टॅनिक आम्लाचा लेप देतात. टॅनिन आणि लोह मिळून निळसर काळा, न विरघळणारा थर बनतो. हे आपल्याला नवीन नाही. हिरडा आणि हिराकस उकळून जी काळी शाई करत, ती याच संयोगाची. शाईतलं तेच रसायन तोफेवर.

गडावरच्या तोफांबद्दल एवढंच सांगतो. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी अनेक किल्ल्यांवर तोफगाडे बसवून तोफा मातीतून वर उचलल्या, ही लोखंडासाठी फार चांगली गोष्ट आहे, कारण ओली माती हे गंजाचं माहेर. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये पाणी साचू नये एवढं पाहायचं. ऑइल पेंट मात्र नको. त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही, आणि वरून काळी कुळकुळीत दिसणारी तोफ आतून पापुद्रे सोडते. शिवाय संरक्षित किल्ल्यावर तोफेला हात लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच.

न हलणारी मूठ आणि न फिरणारा स्क्रू

आपल्या जुन्या तलवारीची मूठ स्क्रूने बसवलेली नसते. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून मध्ये वितळलेली लाख किंवा राळ भरतात, त्यात बऱ्याचदा विटकरीची पूड असते. लाख ७५-८० अंशांना मऊ पडते, म्हणून शिकलगार मूठ शेकून पातं काढायचा. आज तीच मूठ हलत नाही म्हणून कोणी शेगडीवर धरतं, कोणी व्हाइसमध्ये पकडून पिळतं. पण मुठीच्या तोंडाशी पाणी साचून शेपटी नेमकी तिथेच गंजून बारीक झालेली असते. पिळलं की मोडते. भेगेतून गंजनाशक तेल सोडलं तर ते लाख आणि धातूच्या मध्ये शिरतं आणि ती पकड पुन्हा नीट बसत नाही. मूठ घट्ट असेल तर ती काढायचं कारणच नाही.

तोड्याच्या देशी बंदुकांतही स्क्रू फार कमी. नळी दांड्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली. मळसूत्र मोठ्या प्रमाणावर आलं ते युरोपीय बंदुकांबरोबर. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं एक प्रमाण सुचवलं, पण बंदुकीच्या कारखान्यांनी बारीक स्क्रूंसाठी आपापले आटे चालूच ठेवले. म्हणून जुन्या एनफिल्डचा स्क्रू मोडला तर हार्डवेअरच्या दुकानातला बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर नळीकडचे आटेही जातात.

अडकलेल्या स्क्रूसाठी जोर नाही, वेळ लागतो. खाचेतली घाण बांबूच्या कामटीने काढायची, खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, पातळ तेलाचा एकेक थेंब काही दिवस सोडत राहायचा. नळी रिकामी असल्याची खात्री असेल तर गरम सोल्डरिंग लोखंडाचं टोक स्क्रूच्या माथ्यावर टेकवायचं. ५ मिलिमीटरचा स्क्रू १०० अंशांनी तापला तर फक्त ०.००६ मिलिमीटर फुगतो. ऐकायला काहीच नाही, पण गंज ठिसूळ असतो, त्याची पकड सुटायला तेवढी हालचाल पुष्कळ झाली. तापव, निवू दे, तेल सोड, पुन्हा. इतकं करूनही नाही निघाला, तर राहू द्या.

घरच्या तलवारीसाठी

* आधी दोन्ही बाजूंचे फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून. मुठीखालची अक्षरं, ठसे यांचे जवळून.
* सुती हातमोजे घाला. घामात मीठ असतं.
* मऊ ब्रशने धूळ, मग शिलाई मशीनचं तेल लावलेलं सुती फडकं. घट्ट ठिपक्यांना बांबूची कामटी. काळा-तपकिरी टणक थर लागला की तिथेच थांबा.
* पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ऍसिड, लिंबू-मीठ यातलं काही नको.
* तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी.
* म्यानात ठेवू नका. जुनं चामडं आणि लाकूड ओल धरतं. म्यान शेजारी, वेगळं ठेवा.
* पावसाळ्यात पात्यावर बारीक तपकिरी थेंब दिसले, तर ते क्लोराइडचं लक्षण. हे घरी बरं होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी विचारा.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि धारदार हत्यार किंवा बंदूक असेल तर हत्यार कायदाही. साफसफाईच्या आधी कागदपत्रं बघून घ्या.

शिकलगाराला धार हवी होती, देवघराला तेज हवं होतं. दोघांनाही ती वस्तू उद्या वापरायची होती, म्हणून त्यांनी गंज पार काढला. आपण ती तलवार आता लढाईत नेणार नाही, ती तोफ पुन्हा डागणार नाही. आपल्याला त्यांच्याकडून एकच गोष्ट मिळण्यासारखी आहे: काय घडलं ते कळणं. ते बऱ्याचदा त्या तपकिरी थरात आणि त्या न निघणाऱ्या मेखेतच असतं. म्हणून हातात ब्रश घ्यायच्या आधी भिंग घ्या.

पुढच्या लेखात रामन वर्णपटात गोथाइट आणि अकागानेइट वेगळे कसे ओळखायचे ते आलेखांसकट सांगतो. तुमच्या भागात कान बुजलेली तोफ असेल तर तिचा फोटो जरूर पाठवा. फक्त मेख काढू नका.